कुलीन बाटल्या आणि दुकानी बाटल्या

गेल्या दहापंधरा वर्षांत आमच्या सोलापुरांत एका नव्या शास्त्राचा उदय झाला आहे. त्याचे आचार्य सात रस्त्याच्या आसपास व होटगी रस्त्यावर थंडगार, आरसेबंद सलूनांत बसतात. त्याचीं सूत्रें फार थोडीं आहेत, आणि तीं प्रश्नोत्तररूपानें सांगण्याची पद्धति आहे. "केस गळतात का?" हा पहिला प्रश्न. निरोगी मनुष्याच्या डोक्यावरूनहि रोज पन्नास ते शंभर केस गळतच असतात. तेव्हां उत्तर होकारार्थी येणें ठरलेलेंच. "शांपू कोणता वापरतां?" हा दुसरा. गिऱ्हाइकानें वाण्याकडे किंवा औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या एखाद्या शांपूचें नांव घेतलें कीं, आचार्य किंचित् खेदानें मान हलवितात आणि "तरीच!" एवढा एकच शब्द उच्चारतात. त्या 'तरीच'ची किंमत फळीवरून खालीं येणाऱ्या बाटलीवर छापलेली असते.

या शास्त्राचें मुख्य तत्त्व असें कीं, केस धुण्याच्या बाटल्यांस जाति आहेत. एक कुलीन जात. ती फक्त सलूनांत वास करते आणि अधिकारी पुरुषाच्या हातूनच गिऱ्हाइकास प्राप्त होते. दुसरी दुकानी जात. ती साखर, उदबत्ती व काडेपेटी यांच्या शेजारीं उभी असते, आणि तिच्या स्पर्शानें केस निस्तेज होतात, तुटतात व शेवटीं डोकें सोडून जातात. हें तत्त्व केवळ श्रीमंतांच्या वाड्यांत राहिलें असतें, तर त्याच्या खंडनाची खटपट आम्हीं केली नसती. परंतु आज तें शिक्षकांच्या, कारकुनांच्या व लहान दुकानदारांच्या घरांत शिरलें आहे. महिन्याच्या जमाखर्चांत दुकानी बाटलीच्या तिपटी-चौपटीनें महाग अशी बाटली बसवावयाची, तर दुसरें कांहीं तरी वगळावें लागतें; आणि बसविली नाहीं, तर घरांतील मुलीच्या केसांचा आपण घात करीत आहों, असें आईबापांस वाटूं लागतें. (पुस्तकांच्या किंमतीशीं तुलना करण्याचा मोह येथें आवरतों, प्राध्यापकांचें तें रडगाणें वाचकांनीं पुष्कळ ऐकलें आहे.) भीति दाखवून माल खपविण्याचा हा प्रकार आहे, आणि म्हणूनच त्याचा प्रतिवाद करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम बाटलींत असतें काय, तें पाहूं. ज्यांस शंका असेल त्यांनीं दोन्ही जातींची एकेक बाटली शेजारीं ठेवून, भिंग घेऊन, मागच्या चिठ्ठीवरील बारीक अक्षरें वाचावीं. दोहींत प्रारंभीं पाणी; शांपूचा सर्वांत मोठा भाग पाण्याचाच असतो. त्यानंतर बहुधा सोडियम लॉरेथ सल्फेट किंवा त्याचें एखादें भावंड. तेलकट मळ सोडविणें व फेस आणणें हें त्याचें काम. मग कोकामिडोप्रोपिल बीटेन. हें खोबरेलापासून तयार होतें व पहिल्याचा जहालपणा कमी करतें. केस गुळगुळीत लागावे म्हणून डायमेथिकोन नांवाचें सिलिकोन. धुतल्यावरहि केसांवर पातळ थर राहावा म्हणून गवारीच्या बियांच्या डिंकापासून बनविलेलें एक द्रव्य. होय, आपण भाजी करतों तीच गवार. दाटपणा यावा म्हणून पुष्कळदां साधें मीठ, आम्लता बेताची राहावी म्हणून सायट्रिक आम्ल, माल नासूं नये म्हणून एखादें परिरक्षक, आणि शेवटीं सुगंध. प्रमाणांत फरक असतो, सुगंधांत तर फारच असतो. पण कुलीन बाटलींत एखादें निराळेंच दिव्य रसायन आहे व दुकानी बाटलींत विष आहे, ही कल्पना चिठ्ठी वाचणाऱ्याच्या मनांत क्षणभरहि टिकणार नाहीं.

केसांस 'पोषण' देण्याचा जो दावा केला जातो, त्याविषयीं दोन शब्द. त्वचेच्या वर दिसणारा केस ही मृत वस्तु आहे. तो केरॅटिन नांवाच्या प्रथिनाचा धागा असून त्याची वाढ त्वचेखालील मुळांत, महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर या गतीनें होते. मुळास पोषण मिळतें तें रक्तांतून, म्हणजे अखेर ताटांतून. बाहेरच्या धाग्यावर लेप देतां येतो, तो मऊ करतां येतो, रंगवितां येतो. त्यास जेवूं घालतां येत नाहीं. मृतांस अन्न देण्याचा विधि आमच्या धर्मांत आहे, पण तो पितृपक्षांत करावयाचा, न्हाणीघरांत नव्हे.

आतां कायदा काय म्हणतो तें पहा. औषधांविषयींचा आमचा कायदा १९४० सालचा. १९६२ सालच्या दुरुस्तीनें त्यांत सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला, आणि त्यांच्यापुरते स्वतंत्र नियम २०२० सालीं आले. शरीराच्या शुद्धीसाठीं किंवा शोभेसाठीं जें चोळावयाचें, ओतावयाचें, शिंपडावयाचें, तें सौंदर्यप्रसाधन, अशी या कायद्याची व्याख्या आहे. तींत कुलीन व दुकानी असा भेद नाहीं. करवसुलीचें खातें तर त्याहूनहि समदर्शी. २२ सप्टेंबर २०२५ पासून शांपू व केशतेल यांवरील वस्तु व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तो दोन्ही जातींच्या बाटल्यांस सारखाच. बाटलीची जात आंतील द्रवावरून ठरत नसून बाहेरच्या वेषावरून ठरते, याचा एक मासला आमच्या सर्वोच्च न्यायालयांतहि घडला. लहान बाटलींतील शुद्ध खोबरेल हें खाद्यतेल कीं केशतेल, हा वाद वर्षानुवर्षें चालला होता. २०१८ सालीं दोन न्यायमूर्तींचें एकमत होईना. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजीं तीन न्यायमूर्तींनीं निर्णय दिला कीं, बाटली लहान एवढ्यावरून तें केशतेल ठरत नाहीं, वेष्टण व चिठ्ठी काय सांगतात तें पाहावें. तेल तेंच, फोडणीस पडलें तर खाद्य, वेणीस लागलें तर केश्य! आमच्या आयांनीं हा वाद न्यायालयाची पायरी न चढतां केव्हांच मिटविला होता.

शिवाय या दोन जातींचे जनक तरी निराळे आहेत काय? १९०९ सालीं युजीन शुएलर नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें लॉरिआल ही कंपनी स्थापिली, ती पॅरिसच्या केशकर्तनकारांस रंग विकून. आज त्याच कंपनीचा एक विभाग सलूनांसाठीं माल काढतो, व दुसरा विभाग कोपऱ्यावरच्या दुकानांसाठीं. आमच्या पुण्याजवळ चाकणला तिचा कारखाना आहे. दुसरें उदाहरण त्याहून बोलकें आहे. ट्रेसमे हें नांव १९४७ च्या सुमारास अमेरिकेंत केशकर्तनकारांसाठींच निघालें. एड्ना एमे या बाईंच्या नांवावरून तें पडलें. पुढें तें दुकानांच्या फळीवर आलें, २०११ सालीं युनिलिव्हरच्या मालकीचें झालें, आणि आतां नवी पेठेंतल्या कोणत्याहि दुकानांत मागितल्यास मिळतें. सलूनांतून बाहेर पडल्याबरोबर त्याचें ब्राह्मण्य गेलें म्हणावें, कीं तें मुळांतच नव्हतें म्हणावें?

प्रतिपक्षाचें जें खरें आहे तें मात्र नाकारण्याचें कारण नाहीं. सर्व शांपू एकच, असें आमचें म्हणणें नाहीं. कांहीं दुकानी शांपू फार जहाल असतात व कोरड्या केसांस ते मानवत नाहींत. रंगविलेल्या केसांचा रंग लवकर उडूं नये म्हणून काढलेले कांहीं सौम्य शांपू सलूनांत सहज मिळतात, आणि त्यांचा उपयोग होतो. कित्येक महाग बाटल्या अधिक दाट असल्यामुळें थोडक्यांत काम भागतें, हेंहि खरें. परंतु हे भेद बाटलीबाटलींतले आहेत, जातीजातींतले नव्हेत. आणि ते चिठ्ठीवरून कळतात, आचार्यांच्या निःश्वासावरून कळत नाहींत.

मग सोलापुरांत केस राठ कां होतात? या प्रश्नाचें उत्तर शांपूच्या फळीपेक्षां न्हाणीघरांतल्या बादलींत अधिक सांपडतें. नळास पाणी काहीं दिवसांआड येणारें; उरलेली तहान बोअरवर भागवावयाची; आणि बोअरचें पाणी आलें दख्खनच्या काळ्या खडकाच्या भेगांतून. त्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. अशा जड पाण्यांत साबणाचा फेस होत नाहीं. उलट न विरघळणारी एक चिकट साय तयार होते, ती केसांवर बसते आणि केस दोरखंडासारखे लागतात. ज्यांस खात्री करून घ्यावयाची असेल त्यांनीं एका बाटलींत बोअरचें व दुसरींत साठविलेलें पावसाचें पाणी घेऊन, दोहींत चिमूटभर साबणाचा कीस टाकून हलवावें. एकींत फेस होईल, दुसरींत दह्यासारखी फुटी. अंगाच्या साबणानें डोकें धुण्याची रीत अजून पुष्कळ घरांत, विशेषतः पुरुषांत आहे. त्यांनीं ती सोडून अगदीं स्वस्तांतला शांपू घेतला तरी फरक दिसेल, कारण शांपूंतील द्रव्यांची अशी साय होत नाहीं. शेवटचें पाणी तेवढें नळाचें किंवा पावसाचें घ्यावें. यांत कोणत्याहि आचार्यांस दलाली मिळत नसल्यामुळें हें औषध कोणी सांगत नाहीं. त्यावर मार्च ते मे हे तीन महिने ऊन, धूळ, आणि दुचाकीवर उघडीं डोकीं! इतकें सगळें सोसून केस मऊ राहावेत, ही अपेक्षा बाटलीकडून करणें अन्यायाचें आहे. मग ती कुलीन असो वा दुकानी.

येथें दुसरा एक पक्ष टाळ्या पिटील, त्यासहि वेळींच आवरलें पाहिजे. "आम्ही सांगतच होतों; शिकेकाई व रिठा यांवांचून गति नाहीं, ही सगळीं केमिकलें टाकून द्या," असें म्हणणारी ही मंडळी. रिठ्यांत फेस येतो तो सॅपोनिन नांवाच्या रसायनामुळेंच. तें झाडानें केलें म्हणून रसायन नव्हे असें होत नाहीं, आणि तें डोळ्यांत गेल्यावर काय होतें हें ज्यांचें लहानपण रिठ्यानें न्हाण्यांत गेलें त्यांस विचारावें. शिकेकाई चांगली आहे. तिचा काढा किंचित् आम्ल असल्यामुळें जड पाण्यांत ती साबणापेक्षां बरी, हें कबूल. पण ती कुटणार कोण, चाळणार कोण, कढवणार कोण? नोकरीस जाणाऱ्या सुनेनें, असेंच या पक्षाचें मनांतलें उत्तर असतें. आणि बाजारांत शिकेकाईच्या शेंगेचें चित्र असलेली जी बाटली ही मंडळी श्रद्धेनें आणतात, तिची यादी वाचली तर पाण्यापाठोपाठ पुष्कळदां तेंच सोडियम लॉरेथ सल्फेट आढळतें; शेंग असते ती तळाशीं, थेंबभर.

केसांच्या बाबतींत अतिशयोक्ति करणें हा आजच्या काळाचाच दोष आहे, असेंहि कोणी समजूं नये. जुन्या मासिकांचीं मलपृष्ठें चाळणारास केशतेलांच्या जाहिराती पदोपदीं भेटतात. कांहीं अंशीं आमचें वाङ्मय त्या तेलावरच तेवत होतें. १८९६ सालीं कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस या कारखानदारानें आपल्या 'कुंतलीन' तेलाच्या नांवानें कथांची स्पर्धा काढली. कथेंत तेलाचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटूं नये, अशी अट. पहिलें पारितोषिक ज्या कथेस मिळालें तींत भर समुद्रांत उठलेलें वादळ कुंतलीनची एक बाटली पाण्यावर ओतल्यानें शांत होतें. कथालेखक होते साक्षात् जगदीशचंद्र बोस! तेलानें लाटा दबतात या शास्त्रीय तत्त्वाची थट्टा त्यांनीं मोठ्या खुबीनें केली होती. आजचे आचार्य तीच थट्टा गंभीर चेहऱ्यानें करतात, एवढाच फरक.

आणि आतां मुख्य मुद्दा, जो आमच्याच वर्गास बोंचणारा आहे. 'शांपू' हा शब्द इंग्रजांनीं आपल्याकडून नेला. चांपणें म्हणजे दाबणें, चेपणें. 'चंपी' त्याच घरची. पाटण्यास १७५९ सालीं जन्मलेला दीन महंमद नांवाचा गृहस्थ इंग्लंडांत जाऊन राहिला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत त्यानें ब्रायटन येथें वाफेच्या स्नानाचें व अंग चेपण्याचें गृह काढलें. चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांनीं त्यास 'शांपू'च्या कामावर नेमलें होतें. त्या वेळीं शांपू ही बाटलींत भरण्याची वस्तु नव्हती. ती हाताची विद्या होती. पुढें हात गेला आणि बाटली राहिली.

आमच्याकडे नेमकें हेंच घडलें आहे. नाभिकाच्या हातांत जें कसब आहे — कोणत्या डोक्यास कोणता काप शोभेल, भोंवरा कोठें आहे, केस कोणत्या दिशेस बसतो, टाळूस कोरडेपणा आहे कीं कोंडा — तें वर्षानुवर्षांच्या उमेदवारीनें येतें. त्या कसबाचे पन्नास रुपये अधिक मागितले तर आम्ही सुशिक्षित लोक घासाघीस करतों, आणि तोच माणूस आठशें रुपयांची बाटली पुढें करतो तेव्हां निमूटपणें पाकीट उघडतों. हाताचें मोल आम्हीं देत नाहीं, म्हणून हातानें बाटलीचा वेष घेतला. दुकानाचें भाडें, वीज, कारागिरांचा पगार हें सर्व कापणावळींतून निघत नसेल, तर तें बाटलीच्या दलालींतून काढण्यावांचून सलूनवाल्यास दुसरा मार्ग कोणता? आचार्यांस ढोंगी म्हणणें सोपें आहे; त्यांस ढोंग शिकविलें कोणी, याचा विचार गिऱ्हाइकांनीं करावा. ज्या समाजाच्या लोकांनीं १८९० सालीं मुंबईंत सभा भरवून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें, विधवांच्या केशवपनास आपला वस्तरा लावणार नाहीं असा निर्धार केला, त्या समाजाच्या धंद्यास स्वाभिमान काय तो आम्हीं शिकवावयास नको. धर्माची सक्ति व पोटाची चिंता दोन्ही समोर असतां त्यांनीं जें केलें, तें त्या काळच्या किती पदवीधरांस जमलें?

तेव्हां आमचा पक्ष असा कीं, धुण्याची बाटली दुकानांतून आणावी आणि वाचलेला पैसा कापणाराच्या हातावर ठेवावा. बाटलीपुरतें आम्ही सलूनवाल्यांच्या विरुद्ध आहों. हातापुरते त्यांच्या बाजूचे.

परंतु जेथें सलूनवाल्याचें ज्ञान खरोखर जीवनमरणाचें ठरतें, तेथें आम्ही त्यास एकहि प्रश्न विचारीत नाहीं, हें सर्वांत नवल. केस काळे करण्याचे बहुतेक पक्के रंग पॅराफेनिलीनडायामीन या द्रव्यावर चालतात. 'काळी मेंदी' म्हणून जें मिळतें त्यांतहि पुष्कळदां तेंच असतें, कारण मेंदीचा स्वतःचा रंग काळा कधींच नसतो. कांहीं माणसांस तें सोसत नाहीं. चेहरा सुजतो, डोळे मिटतात. म्हणून एक दिवस आधीं कानामागें थोडा रंग लावून पाहावा, अशी सूचना वेष्टणावर छापलेली असते. सलूनांत ती परीक्षा घेतलेली किती वाचकांनीं पाहिली आहे? केस सरळ करण्याच्या उपचारांची गोष्ट याहून गंभीर. त्यांत पूर्वी फॉर्माल्डिहाइड वापरीत. तें मनुष्यास कर्करोगजनक ठरल्यावर त्याच्या जागीं ग्लायऑक्सिलिक आम्ल आलें, आणि 'फॉर्माल्डिहाइडरहित' अशी त्याची ख्याति झाली. २०२४ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकांत एका सव्वीस वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. तिनें २०२०, २०२१ व २०२२ या तीन वर्षीं सलूनांत केस सरळ करून घेतले, आणि तीनहि वेळां तिच्या मूत्रपिंडांस इजा झाली. लावलेल्या मलमांत हें आम्ल होतें; उंदरांवर तेंच मलम लावून पाहतां त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झॅलेटचे स्फटिक साठलेले संशोधकांस आढळले. आमच्या शहरांत लग्नसराई आली कीं मुली या उपचारांसाठीं रांग लावतात. वाडग्यांत कालवून आणलेल्या त्या मलमाची मूळ बाटली दाखवा, असें त्यांपैकीं एकीनें जरी म्हटलें, तरी पुष्कळ काम होईल. आणि ज्या सलूनवाल्यास आपल्या विद्येचा अभिमान आहे, तो ती आनंदानें दाखवील.

राहिली पुडी. कुलीन व दुकानी यांच्या या वादांत जी तिसरी जात कोणाच्या खिजगणतींतहि नाहीं, ती ही. तामिळनाडूंतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन् यांनीं शांपू पुडींत भरून विकण्याची युक्ति काढली, आणि त्यांचे चिरंजीव रंगनाथन् यांनीं १९८३ पासून तिचा प्रसार खेडोपाडीं केला. ही युक्ति आम्हांस वंदनीय वाटते. ज्या बाईच्या हातीं एका वेळीं बाटलीचे पैसे कधींच येत नाहींत, तिला तिच्यामुळें आठवड्यास एकदां चांगलें न्हातां आलें. आमच्या शहराच्या पूर्व भागांत हजार विड्यांच्या हिशेबानें मजुरी घेणाऱ्या बायका शनिवारीं वाण्याच्या दारावर लटकणाऱ्या माळेंतून ही पुडी तोडून नेतात. मात्र आंत काय आहे हें त्यांस कळण्याचा मार्ग कायद्यानेंच बंद केला आहे. घटकद्रव्यांची यादी छापण्याची जी सक्ति नियमांत आहे, तींतून साठ मिलिलिटरांच्या आंतील द्रव मालास सूट दिलेली आहे. म्हणजे ज्याच्याकडे भिंग आहे व इंग्रजी आहे त्याला यादी मिळते, आणि तो ती वाचीत नाहीं. जिला ती मराठींत वा तेलुगूंत कोणी वाचून दाखविली असती, तिच्या पुडीवर ती नसतेच.

पुडी लहान, तीवर जागा नाहीं, असा कारखानदारांचा युक्तिवाद असतो. पुडीच्या दर्शनी बाजूस नटीचा मुखचंद्र, तिचे मोकळे केस आणि खालीं दोन ओळींत स्तुति, एवढें सगळें मावतें. तेथें न मावेल तर माळेच्या वरच्या पट्टीवर छापावें. माळ दुकानांत दिवसभर लटकतच असते. नियम केंद्र सरकारचा आहे; तो बदलण्यास राजपत्रांतील एक अधिसूचना पुरते.